बेबी ऑफ तुळसा

बेबी

हे माझं नाव. टोपणनाव नाही, लाडाचं नाही. शाळेत हेच होतं. नर्सिंगला नाव घालायला गेले तेव्हा कारकून म्हणाला, "हे घरचं झालं. खरं सांग."

म्हटलं, खरंच हेच आहे. डॉक्टरांनी ठेवलंय.

डॉक्टर म्हणजे डॉ. यशोदा धराधर. परळच्या बाळंतपणाच्या इस्पितळातल्या त्या वेळच्या मोठ्या डॉक्टर. आमच्या शिवडी कोळीवाड्यात त्यांना आईशिवाय कुणीच पाहिलं नव्हतं, आणि आईनंही जे पाहिलं ते आडवं पडून.

माझ्या आधी आईची दोन मुलं जन्मतःच गेली. घरीच, सुईणीच्या हातावर. तिसऱ्या वेळी कळा सुरू झाल्या तशी ती उठली आणि चालत परळला गेली. पुढचं तिच्याच तोंडून ऐकत मी वाढले:

"वाम मासलीवानी निली होतीस. हालना, रडना. डाक्टरीनबायनी तुला उलटी धरली. पाटीत मारली. बोट घालून तोंडातला पानी काडला. मंग तोंडाला तोंड लावून फुंकली. फुंकली, फुंकली, फुंकली. मंग तू रडलीस. मंग त्या बसल्या. खुर्चीवर नाय गो. खाली. लादीवर."

नंतर माझ्या मनगटावर चिकटपट्टी आली, तिच्यावर इंग्रजीत काहीतरी. आईला वाचता येत नव्हतं. तिनं आयाला विचारलं, काय लिवलाय?

"बेबी," आयानं वाचलं. "बेबी ऑफ तुळसा."

"बायनी लिवला?"

"मग काय मी?"

आई घरी आली ती मूल आणि नाव दोन्ही घेऊन.


ए डॉक्टरच्ये

असं मला आते म्हणायची. शेवंताआते, बाबांची थोरली बहीण. तिला मूलबाळ नाही. भाऊ एकच, माझे बाबा, जगन. आणि नाव ठेवायचा मान आतेचा. बाराव्या दिवशी आतेनं पाळण्यावर वाकायचं, बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं, आणि मागे उभ्या बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घालायचे. सगळ्या कोळीवाड्यातल्या आत्यांच्या पाठी लाल झाल्या होत्या, हिचीच तेवढी कोरी होती.

तर बाराव्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली. नाव ठरवून आली होती. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण आधी सांगायचं नसतं. आणि आई म्हणाली,

"आक्का, नाव ठेवलाय."

"कोनी?"

"डाक्टरीनबायनी."

आते आली तशी परत गेली. जे नाव आणलं होतं तेही घेऊन गेली. तिला नाव ठेवू दिलं नाही, म्हणून ती जन्मभर नावं ठेवत राहिली. मी चालायला लागले तर, "डॉक्टरची चालली बघा." नापास झाले तर, "डॉक्टरची नापास झाली वाटतं." आईला तर सणासुदीला ठरलेलं: "कोन ती धरधर? माज्या भावाची पोर, माजा मान, नि नाव ठेवनार परभीन?" परभीन म्हणजे पाठारे प्रभूंची बाई.

आई ऐकून घ्यायची. पण नाव बदलू द्यायची नाही.

आणि मी? मी धराधरबाई व्हायला निघाले होते. गल्लीत कुणाचा गुडघा फुटला की मी. बाहुलीच्या तोंडात फुंकणारी मी. छप्पन साली लालबागेत गोळ्या चालल्या, शेजारचा चंदू पोटरीत गोळी घेऊन लंगडत आला, तेव्हा सगळे ओरडत होते आणि मी त्याची पोटरी करकचून बांधली. पुढे तो सगळ्यांना सांगायचा, हिचा हात डॉक्टरचा आहे. मी म्हणायचे, नाव पण.

माझ्या मनातल्या धराधरबाई उंच होत्या. दारातून वाकून येणाऱ्या.


नर्स तांडेल

परळच्या त्याच इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात पहिली ड्यूटी. सिस्टरनं चिकटपट्टीचं रीळ आणि पेन हातात दिलं. "नर्स तांडेल, नवीन मुलांच्या पट्ट्या लिही. आईचं नाव नीट लिही, मुलं बदलली तर तुझ्या डोक्यावर."

लिहायला बसले.

बेबी ऑफ सुंदरा.

बेबी ऑफ

आणि पेन थांबलं.

शेजारी वासंती होती, माझ्याच बॅचची. तिनं वाकून पाहिलं. "काय गं, स्पेलिंग अडलं?"

"नाही," मी म्हटलं. "येतं मला."

त्या दिवशी मी माझं नाव वॉर्डातल्या सगळ्या मुलांच्या मनगटावर लिहिलं. गोऱ्या, काळ्या, रडणाऱ्या, झोपलेल्या. परळात जन्मलेलं एकूणएक मूल घरी जाईपर्यंत माझ्याच नावाचं असतं. मग ते घरी जातं, बारसं होतं, आणि त्याला त्याचं नाव मिळतं.

मी तेवढी पट्टीवरचं घालून फिरत होते.

घरी सांगितलं नाही. आईला काय सांगू? की बाईंनी नाव ठेवलंच नव्हतं? की ज्या नावासाठी तू आतेशी आयुष्यभर वैर घेतलंस ते नावच नाही? आणि आतेच्या कानावर गेलं असतं तर तिनं आईला कोळीवाड्यात तोंड वर काढू दिलं नसतं.

आपोआप दबून जाईल, असं मला वाटलं.


बेबे

"बेबे, तू पास झालीस. आता पयले डाक्टरीनबाय, मंग एकवीराआय," आई म्हणाली.

"त्या कधीच रिटायर झाल्या, आये."

"मंग घरी असतील. पत्ता काड."

पत्ता निघाला. गिरगाव, नवी वाडी.

"मना त्यांना एक गोष्ट इचारायचीय," आई मासे निवडत म्हणाली. "बेबीच का?"

माझ्या हातातली पाटी खाली गेली. "का म्हणजे? बेबी म्हणजे बाळ."

"ता मना पन कलतो. पन एवडी शिकलेली बाय. कमल ठेवली असती, सुमन ठेवली असती. बेबी ठेवली म्हंजे तिच्यात त्यांचा काय तरी मोटा अर्थ असनार. तो एकदा त्यांच्या तोंडून आयकला की झाला. मी मरायला मोकली."

"असलं बोलू नको."

"आनि आक्काला पन सांगता येल, बग, हा अर्थ हाय."

दारातून आवाज आला. "आक्काला सांगायला नको. आक्का येतेय."

आते उंबऱ्यात उभी होती. ती कधीपासून उभी होती कोण जाणे. "मना पन बघायचीय ती. बघते तरी, केवडी हाय."


मावशी, पाटी उचला

शिमगा नुकताच झालेला. आईच्या लुगड्याच्या काठाला अजून रंग होता. साल साठ. मराठी राज्य मिळणार हे नक्की झालं होतं, पण नाव काय ठेवायचं यावर पेपरांतून अजून चर्चा चाललेली.

बसचा कंडक्टर आईच्या पाटीकडे बघून वैतागला. "मावशी, पाटी उचला, लोक ओरडतात."

"वरून केलीचा पान लावलाय, रुमाल बांदलाय. वास येतो तुला?"

"मला नाही हो, मी मालवणचा. लोकांना."

"राज्य आपला झाला ना आता?" आते म्हणाली. "मंग आमची पाटी कोन उतरवनार?"

मागच्या बाकावरचा धोतरवाला हसला. "झालं नाही अजून, बाई. नावाचंच घोडं अडलंय. कुणी म्हणतं मुंबई, कुणी म्हणतं महाराष्ट्र."

"त्येची आते कोन?"

"कुणाची?"

"राज्याची. नाव आते ठेवते. तिला इचारला काय कोनी? का तिला पन दारातून परत लावली?"

अख्खी बस हसली. कंडक्टरनं पाटी आपल्याच पायांनी बाकाखाली सरकवली. आई मात्र हसली नाही, तिनं खिडकीबाहेर बघितलं. मी दोघींच्या मध्ये बसले होते.


कोण?

दार उघडून त्यांनी हेच विचारलं.

त्या माझ्या खांद्याला लागत होत्या.

पांढरे केस, जाड भिंगाचा चष्मा, नऊवारी, एका पायात मोजा आणि एक पाय तसाच. मी वाकून नमस्कार केला तेव्हा तो मोज्याशिवायचा पाय दिसला. टाचेला भेगा. मला काय अपेक्षित होतं माहीत नाही. भेगा नव्हत्या.

"बाय, मी तुलसा," आई म्हणाली. "शिवडीची. ही ती."

"कोण ती?"

आईनं एका दमात सगळं सांगितलं. निळं मूल, फुंकर, लादी. धराधरबाई ऐकत होत्या, मान हलवत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत काहीच नव्हतं. वॉर्डात रोज बघते मी तसे डोळे. पेशंट सांगत असतो आणि आपण तो सांगून संपायची वाट बघत असतो.

त्यांना मी आठवत नव्हते.

आईला ते दिसलं नाही. तिनं पाटीवरचं पान काढलं. मोठा शिंगाळा होता, सकाळी बाबांनी आणलेला.

बाईंचे डोळे तिथे जागे झाले. "शिंगाळा! कुठला? बर्फातला असेल तर आल्या पावली परत न्या. मी परभीण आहे, मला फसवता यायचं नाही."

"सकालचा हाय, बाय. शिवडीचा. कल्ले बघा."

त्यांनी कल्ला उचलून पाहिला. मग तिथेच खाली बसल्या आणि माशाच्या पोटावर तळवा ठेवला. दाबला नाही. नुसता ठेवला, किंचित सरकवला, थांबल्या.

"मादी आहे," त्या म्हणाल्या. "गाबोळी भरलीय."

आईनं माझा दंड धरला. "हाच तो हात," ती मला म्हणाली. "बेबे, असाच. माज्या पोटावर असाच."

आतेही बघत होती. धरधर केवढी आहे ते बघून तिची पंचाईत झाली असावी. एवढ्याशा म्हातारीशी भांडणार कसं?


तू ये गं आत

मासा घेऊन मी त्यांच्यामागे स्वयंपाकघरात गेले. बाई कोपरापर्यंत हात धुऊ लागल्या, बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून. माशाला हात लावल्यावर असे कुणी धूत नाही. नर्स आहे हे मी सांगितलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तूही धू."

मी धुतले. आणि धुता धुता सगळं सांगून टाकलं. पट्टी, आया, आते, बारसं.

"आई विचारेल, बाई. बेबीच का ठेवलं म्हणून. तुम्ही फक्त काहीतरी सांगा. काहीही अर्थ सांगा. तिला पटेल."

"बाळंतिणीशी खोटं बोललीस कधी?"

"नाही."

"मग मला का बोलायला सांगतेस?"

"ती आता बाळंतीण नाही. माझी आई आहे."

"माझ्यासाठी बाळंतीणच आहे." त्यांनी हात पुसले. "आणि तू मला आठवत नाहीस. तेही खोटं सांगू?"

मी नळ बंद केला. या बाईंसारखं व्हायचं म्हणून मी इतकी वर्षं काढली होती. त्या क्षणी मला त्यांचा राग आला. त्यापेक्षा त्या उंच असत्या आणि खोट्या असत्या तर बरं झालं असतं.

"चल," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या पायातला मोजा कुठे दिसला तर सांग."


ही

आईनं विचारलंच. बसल्या बसल्या.

"बाय, हिचा नाव तुमी बेबीच का ठेवलात?"

"मी ठेवलं नाही, तुळसा."

आतेच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"पट्टीवर सगळ्यांच्याच तसं लिहितात. बेबी म्हणजे मूल. ऑफ तुळसा म्हणजे तुळसाचं. ते नाव नव्हे."

आई हसल्यासारखी झाली. मग नाही हसली. तिनं पदराचं टोक घेतलं आणि ते बोटाला गुंडाळू लागली. आतेकडे तिनं बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. "सगल्यांच्याच?" ती म्हणाली.

"सगळ्यांच्याच. आता पुढचं ऐक."

"नको, बाय."

"ऐक म्हणते ना! पट्टी बांधणं नर्सचं काम. माझ्या वॉर्डात मात्र मी बांधायची. एकदा काय झालं, मूल झालं तशी पट्टी बांधली, आणि ते राहिलं नाही. ती मलाच सोडावी लागली. चिकटपट्टी ती, त्या कातडीवरून सुटेना. तेव्हापासून मी थांबायची. मूल रडलं पाहिजे, लाल झालं पाहिजे, आईचं दूध ओढलं पाहिजे, मग पट्टी. नर्सेस मागून हसायच्या, एवढी शिकलेली बाई आणि शकुन-अपशकुन बघते. बघायची मी. खोटं कशाला सांगू?"

त्यांनी चष्मा काढला.

"मला तू आठवत नाहीस, तुळसा. हीसुद्धा नाही. फार मुलं झाली गं. पण हिच्या हातावर माझी पट्टी होती ना? मग एवढं मला न आठवताही ठाऊक आहे. ती लिहिली तेव्हा माझी खात्री झाली होती."

"कसली?"

"की ही राहतेय. घरी जातेय. तुळसाकडे."

खाली वाडीत कुणीतरी कल्हईवाल्याशी भांडत होतं.

मग आईनं माझं मनगट ओढून घेतलं. उताणं केलं, अंगठ्यानं चोळलं, जसं काही अजून तिथं आहे.

"त्या दोगांना नव्हती पट्टी," ती म्हणाली.

"नव्हती," बाई म्हणाल्या. त्यांनी हे माहीत असल्यासारखं म्हटलं.

आई रडली. मी तिला रडताना पाहिलं होतं, पण असं नाही. आवाज न करता, माझं मनगट गालाला लावून. तिच्या हाताला शिंगाळ्याचा वास होता आणि माझ्या हाताला बाईंच्या साबणाचा, आणि...


बिननावाची

"थांबा, थांबा," आते म्हणाली. "म्हंजे नाव ठेवलाच नाय?"

"मी नाही ठेवलं."

"कोनीच नाय ठेवला?"

"तुमच्यात कुणी ठेवलं नसेल तर नाही."

"एकवीस वर्सांची घोडी बिननावाची?" आते उठली. तिच्या अंगात काहीतरी संचारलं होतं. "तुलशे, उट! रडतेस काय? उट गो पोरी, खाली बस. पालना नाय, चालेल. बाय, तुमी माज्या मागं उब्या राहा. धपाटा मारायचा असतो, माहीत हाय ना? का परभांत नाय?"

"आहे, आहे!" धराधरबाई तुरतुर येऊन मागे उभ्या राहिल्या. अस्तन्या सारल्यासारखं केलं. "जोरात मारू?"

"लाजू नका. लई वर्सांची पाट कोरी हाय."

मी फरशीवर बसले. लादी गार होती. आते माझ्यावर वाकली. मिश्रीचा वास, मिठाचा वास, तिचं रापलेलं तोंड माझ्या कानाशी.

"कुर्रर्र..."

आणि मग काहीच नाही.

मी वाट बघितली. तिचा श्वास कानात येत होता. माझ्या खांद्यावरचा तिचा हात घट्ट होत गेला.

"आटवना गो," ती अगदी हळू म्हणाली. फक्त मला ऐकू येईल असं. "ठरवलेला. लई चांगला होता. इसरले मी."

मी मान वळवली नाही. वळवली असती तर आईला दिसलं असतं. ओठही फारसे न हलवता मी तिला माझं नाव सांगितलं.

"बेबी, आते."

ती थांबली. मग ताठ उभी राहिली आणि वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "बेबी!"

धराधरबाईंनी धपाटा घातला. आईनं घातला तो जास्त लागला. आते कळवळली आणि हसली, आणि पाठ चोळत परत वाकली, अजून एक मारा म्हणून.

"आक्का, हाच ठेवायचा होता," आई डोळे पुशीत म्हणाली, "मंग एवडी वर्सं भांडलीस कशाला?"

"त्यांचा बेबी येगला," आते म्हणाली. "ह्यो माजा बेबी."


बेबी

निघताना बाईंनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, आशीर्वाद देतायत. त्या नाडी बघत होत्या. सवयीनं. घड्याळ नव्हतं, नुसतीच बघत होत्या.

"बेबी," त्या म्हणाल्या. पहिल्यांदाच. "चांगली आहेस."

मोजा मला दारामागे सापडला होता. मी खाली बसून त्यांच्या पायात घातला. त्यांनी घालू दिला.

"गाबोळी मी एकटीच खाणार हं," त्या जिन्यातून वरून ओरडल्या. "कुणाला सांगू नका!"

परतीच्या बसमध्ये पाटी रिकामी होती. आईनं ती मांडीवर पालथी घातली होती आणि तिच्यावर माझा हात, माझ्या हातावर तिचा. ती झोपली होती किंवा डोळे मिटून बसली होती. आते खिडकीशी. तिचे ओठ हलत होते. मध्येच थांबायचे, मान नकारार्थी हलायची, पुन्हा सुरू व्हायचे.

आईनं डोळे न उघडता विचारलं, "काय पुटपुटतेस गो आक्का?"

आतेनं माझ्याकडे बघितलं.

"काय नाय," ती म्हणाली. "राज्याला नाव शोदतेय."